कादेवेरे मास्तरांच्या गाडीतला दिवा

कादेवेरे मास्तरांच्या गाडीत लागायला हवेत असे दिवे बरेच होते आणि ते लागत नसत. डिकीतला लागत नसे, छतातला लागत नसे, डावीकडचा हेडलाइट लागे पण तो रस्ता सोडून झाडावरच्या वटवाघळांकडे बघत असे. लागायला नको असा दिवा मात्र एकच होता, आणि तो तिसरं वर्ष संपत आलं तरी नंदादीपासारखा अखंड तेवत होता. पेट्रोलच्या काट्याखाली एक नारिंगी चौकोन, आणि त्यात तीन जपानी अक्षरं.

झोंबा गावात येणारी प्रत्येक गाडी आधी जपानात कुणाच्या तरी घरी वापरून झालेली असते. इथे आल्यावर ती आपली माती अंगाला लावून घेते, आपलं पेट्रोल पिते, आपल्या खड्ड्यांतून चालते, पण माहेरची भाषा काही सोडत नाही. रेडिओ जपानीत, काचेवरचं स्टिकर जपानीत, आणि बिघाड झाला तर तोही जपानीत. त्यामुळे मास्तरांची गाडी काहीतरी सांगते आहे एवढं सगळ्या गल्लीला कळत होतं. काय सांगते आहे हे कुणालाच कळत नव्हतं. फायसन कादेवेरे मास्तर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. जपान नकाशावर कुठे आहे हे ते डोळे मिटून दाखवू शकत, पण त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

दिवा लागला तो मोडेस्टा इंग्लंडला गेली त्याच आठवड्यात. मोडेस्टा म्हणजे मास्तरांची बायको. लीड्सला म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ती नर्स होती. दर रविवारी तिचा फोन येई. आता फोनवर नवराबायकोनं बोलायचं काय? तिच्या खोलीत आणखी दोघीजणी राहायच्या. इकडे मास्तरांच्या घरात नेटवर्क यायचं ते एकाच ठिकाणी, मागच्या कुंपणापाशी पेरूच्या झाडाखाली, आणि कुंपणाच्या पलीकडे लिकोया काका खुर्ची टाकून बसलेले असत. लिकोया काका निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर लोकांची पत्रं न फोडता पोचवली, त्याची भरपाई ते आता करून घेत होते.

तेव्हा मास्तर म्हणायचे, "दिवा अजून आहे."

"अजून आहे?"

"आहे."

"बरं," मोडेस्टा म्हणायची. मास्तरांना तिची फार आठवण यायची. सकाळी चहा करताना यायची, वह्या तपासताना यायची, आणि गाडीत तर इतकी यायची की डावीकडच्या सीटवर ते पिशवीसुद्धा ठेवत नसत. पण हे असं लिकोया काकांच्या देखत बोलायचं कसं? म्हणून दिवा अजून आहे.

एका रविवारी ती म्हणाली, "अहो, मला रजा मिळाली."

मास्तरांनी पेरूची फांदी घट्ट धरली.

"ऐकताय ना? विमानतळावर तुम्ही एकटेच या. आपल्या गाडीनं. वरात नको बरं का!"

"एकटाच येतो," मास्तर म्हणाले. कुंपणापलीकडे खुर्ची करकरली. लिकोया काका बातमी पोचवायला निघाले होते. पोस्टात असताना त्यांनी एवढी चपळाई कधी दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बेनेडिक्टोचा निरोप आला.

बेनेडिक्टो नामाते हा मोडेस्टाचा थोरला भाऊ. लाकडाच्या वखारीचा मालक, नव्या कोऱ्या पिकअपचा मालक, आणि या सगळ्याहून मोठं म्हणजे मोडेस्टाचा अंखोस्वे. लग्नात मुलीच्या बाजूनं जो उभा राहतो आणि पुढे जन्मभर त्या नवराबायकोच्या प्रत्येक कुरबुरीत न्यायाधीश होऊन बसतो, तो अंखोस्वे. आमच्या देशाच्या दक्षिणेत रीतच अशी की नवरा बायकोच्या माणसांत नांदायला येतो. घर बायकोचं, जमीन बायकोच्या आईची, लिलोंग्वेला शिकणारी मुलगी बायकोच्या कुळाची. मास्तरांचं म्हणावं असं त्या संसारात काय होतं? गाडी. आणि आता तिच्यावर खटला उभा राहिला होता.

"या, जावईबापू, या," बेनेडिक्टो म्हणाला. ओसरीवर सासूबाई होत्या, दोन मावश्या होत्या, आणि आरोपीला द्यावं तसं मास्तरांना एक स्टूल दिलं गेलं. "ठरलंय ते असं. मी पिकअप घेऊन चिलेकाच्या विमानतळावर जातो. मागे मावश्या, आत्या, चर्चच्या बायका. गाणी म्हणत तिला थेट थोंड्वेला आईच्या घरी आणायची. आठवडाभर ती तिथेच राहील."

"आणि मी?"

"तुम्ही या की! सायकलनं या, चालत या. तुमच्या वाटचा मक्याच्या पिठाचा नसीमा आणि मासा झाकून ठेवू."

"पण ती म्हणाली, एकटेच या. आपल्या गाडीनं."

मावश्या पदराआड हसल्या. "तीन वर्षांनी नवरा भेटायचा म्हटल्यावर बाई काहीही बोलते," एक म्हणाली.

मास्तरांचे कान तापले. पण ते उठले नाहीत. "दादा," ते म्हणाले, "तिला थोंड्वेला न्या, आठवडाभर ठेवा, माझी ना नाही. मला फक्त रस्ता द्या. चिलेका ते थोंड्वे."

हे ऐकून सासूबाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच जावयाकडे नीट पाहिलं. बेनेडिक्टोला मात्र कायद्याची बाजू बघायची होती. "त्या पेटलेल्या डब्यातून? मध्येच बंद पडली तर माझी बहीण विमानातून उतरून ढकलणार का?" त्यानं बोट वर केलं. "ऐका निकाल. शुक्रवारपर्यंत तो दिवा विझवा आणि गाडीचं पासिंग करून आणा. झालं, तर रस्ता तुमचा. नाही झालं, तर माझी पिकअप."

मास्तर घरी आले ते मनात नकाशा काढतच. चिलेका, ब्लँटायर, लिंबे, नमाड्झी, थोंड्वे. सव्वा तासाचा रस्ता. सव्वा तास मोडेस्टा डावीकडच्या सीटवर बसणार, आणि कुंपणापलीकडे कुणीही नसणार. एवढंच त्यांना जगाकडून हवं होतं.

लिकोया काका गाडीपाशी वाटच बघत उभे होते. चष्मा पुसून त्यांनी डॅशबोर्डात डोकं घातलं. "अक्षरं म्हणजे शेवटी चित्रंच, मास्तर. हे पहिलं बघा, दोन फण्या. हा दुसरा, ओझ्यानं वाकलेला माणूस, पायाशी फुली. आणि हे तिसरं? पाण्याचे थेंब, आणि शेजारी चुलीवर पातेलं. म्हणजे काय?"

"काय?"

"वाकलेला माणूस पाणी उकळतोय. रेडिएटर!"

रेडिएटर भरण्यात आला. तो आधीच भरलेला होता, त्यामुळे घातलेलं पाणी लिकोया काकांच्या बुटांत गेलं. दिवा तेवत राहिला. मग शेजारच्या मकुंगान्याबाईंनी सुचवलं की पाद्रीबाबांना बोलवा. पाद्रीबाबा आले, त्यांनी प्रार्थना केली आणि आशीर्वादाचं तेल डॅशबोर्डावर चोळलं. तेलानं काचेवरची धूळ निघाली आणि दिवा पूर्वीपेक्षा लखलखीत दिसू लागला. "हा परमेश्वराचा संकेत आहे," पाद्रीबाबा म्हणाले, पण कसला ते न सांगताच चहा पिऊन गेले.

शेवटी मास्तर प्रोफेसरकडे गेले. प्रोफेसर हे मेकॅनिकचं नाव नव्हे, पदवी. ती त्यानं स्वतःच स्वतःला दिली होती. बाजारामागे निलगिरीच्या झाडाखाली त्याचं गॅरेज होतं. गाडीचं काहीही झालेलं असो, प्रोफेसर आधी कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "हा प्रश्न गहन आहे." पंक्चरलासुद्धा तो हेच म्हणायचा.

"हा प्रश्न गहन आहे," प्रोफेसर म्हणाला आणि त्यानं डॅशबोर्ड उचकटायला घेतला. दुपारपर्यंत मास्तरांच्या गाडीचं पोट रस्त्यावर पसरलं होतं आणि येणारे-जाणारे थांबून त्याची चौकशी करत होते. संध्याकाळी सगळं परत आत गेलं, म्हणजे बहुतेक सगळं. मूठभर स्क्रू उरले.

"हे कुठले?"

"जास्तीचे. कारखान्यातले लोक सढळ हातानं टाकतात." प्रोफेसरनं ते खिशात घातले. "लावा किल्ली!"

मास्तरांनी किल्ली लावली. नारिंगी चौकोन काळा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी प्रोफेसरचा तेलकट हात दोन्ही हातांत घेतला. मग आनंदानं गाडी डावीकडे वळवली, तर हॉर्न वाजला. सरळ केली, थांबला. पुन्हा डावीकडे वळवली, पुन्हा वाजला.

"उजवीकडे वळत घरी जा," प्रोफेसरनं सल्ला दिला. मास्तरांचं घर डावीकडे होतं.

पासिंगच्या कचेरीत रांग होती. रांगेतली प्रत्येक गाडी काही ना काही लपवत होती, आणि प्रत्येक मालक दुसऱ्याच्या गाडीकडे बघून चुकचुकत होता. मास्तरांची पाळी आली तेव्हा हातात पाटी घेतलेली तपासनीस बाई जवळ आली, आणि एकदम ताठ उभी राहिली.

"गुड मॉर्निंग, सर!"

तियामिके सोमांजे. मास्तरांना ती आठवली, आणि आठवली नसती तर बरं झालं असतं. नववीत असताना हिनं शिरे नदी सरोवरात येऊन मिळताना दाखवली होती, आणि ती सरोवरातून निघते हे जन्मभर लक्षात राहावं म्हणून मास्तरांनी तिला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. तियामिकेच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. उलट फार आदर होता, आणि मास्तरांना तो आदरच जड जात होता.

"किल्ली फिरवा, सर." मास्तरांनी फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. तियामिके वाकून बघत राहिली. "तो कोपऱ्यातला लागला नाही."

"लागतच नाही!" मास्तर अभिमानानं म्हणाले. "विझवून आणलाय."

"तसं नाही चालत, सर. किल्ली फिरवल्यावर आधी लागायला हवा आणि मग विझायला हवा. जो लागतच नाही तो बिघडलेला. बल्ब काढलाय का आतला?"

मास्तरांना प्रोफेसरची विद्या एकदम उलगडली.

"म्हणजे मी तो पुन्हा लावून आणू?"

"लावून आणा, आणि मग विझवून आणा. तुम्हीच शिकवलंत ना, सर, नदी निघते कुठून ते दाखवल्याशिवाय मिळते कुठे ते सांगायचं नाही?" पाटीवर काहीतरी लिहिता लिहिता ती थांबली. "आणि त्यावर लिहिलंय काय? मला जे वाचता येत नाही ते मी पास कसं करू? वाचून घेऊन या."

तीन वर्षं जो दिवा विझावा म्हणून मास्तरांनी देव पाण्यात ठेवले होते, तो आता पुन्हा लागावा म्हणून ते प्रोफेसरच्या विनवण्या करू लागले. बल्ब परत बसला. दिवा काही झालंच नसल्यासारखा लागला, आणि अर्थातच विझला नाही.

जपानी वाचणारं माणूस झोंबात एकच होतं. हारुना नावाची एक तरुण जपानी मुलगी आरोग्य खात्यात कामाला आली होती. सायकलवरून खेड्यापाड्यांत हिंडायची आणि आमची भाषा आमच्यापेक्षा जपून बोलायची. मास्तर तिला घेऊन आले तेव्हा गल्ली जमलीच होती. लिकोया काका आपल्या पातेल्याचा निकाल ऐकायला सगळ्यांत पुढे होते.

हारुना सीटवर बसली, वाकली आणि खुदकन हसली. "हे होय! धुराचं तापमान."

"काय?"

"मागून जो धूर बाहेर जातो ना, तो फार तापला की हा दिवा लागतो."

गल्लीची घोर निराशा झाली. "धूर तापणारच की!" लिकोया काका उसळले. "थंड धूर कुणी पाहिलाय? हे सांगायला एवढ्या लांबून गाडी यायला हवी होती?"

हारुना मात्र उठेना. तिनं त्या तीन अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. "आमच्या आजोबांच्या गाडीत हाच दिवा होता," ती म्हणाली. "घरचं अक्षर असं कुणाच्या गाडीत भेटेल, वाटलं नव्हतं." मास्तरांनी सगळ्यांना बाजूला हटवलं. तिला हवा तेवढा वेळ तिला तिथे बसू दिलं, आणि जाताना पिशवीभर आंबे दिले.

मग ते तडक निलगिरीच्या झाडाखाली गेले. "प्रोफेसर, धूर तापतोय."

प्रोफेसर गाडीखाली सरपटत गेला आणि बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला. "मास्तर, इथे धुराच्या नळीत एक डबा असतो. तुमचा नाही."

"गेला कुठे?"

प्रोफेसर बाहेर आला. त्यानं कपाळ पुसलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी त्याची नजर चुलीवर गेली. तीन दगडांच्या चुलीत एका दगडाच्या जागी एक लोखंडी डबा होता, काळाकुट्ट झालेला, आणि त्यावर किटली टेकलेली होती.

"तुम्हीच आला होतात," तो चाचरत म्हणाला. "बाईंना विमानतळावर सोडून आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणालात, गाडी ओढत नाही, जड चालते. म्हटलं, श्वास कोंडला असेल. तर हा डबा काढून मोकळा केला. धुराचा ताप मोजणारी त्याची वायर तिथेच लोंबत राहिली, ती तेव्हापासून तापतेय."

प्रोफेसरवर ओरडायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ती परतीची वाट त्यांना लख्ख आठवली. रिकामी सीट, लिंब्यापासून थोंड्वेपर्यंत न सरणारा रस्ता, पाय दाबला तरी पुढे न जाणारी गाडी. गाडी त्या दिवशी जड चालली होती हे खरं होतं. पण त्यात डब्याचा काही दोष नव्हता.

"किटली उतरव," ते एवढंच म्हणाले.

डबा बसला, वायर जागेवर गेली. किल्ली फिरवली. दिवा लागला. आणि विझला! प्रोफेसरनं पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायला लावली, आणि दर वेळी तो शहाण्या मुलासारखा लागला आणि विझला. तियामिकेनं अर्थ लिहून घेतला, शिक्का मारला, आणि डावीकडच्या वळणावर हॉर्न वाजला तेव्हा ती म्हणाली, "हॉर्न वाजतो की नाही एवढंच मला बघायचं असतं, सर. कधी वाजावा याचा रकाना नाही." नववीतल्या त्या तासाबद्दल मास्तरांना तेव्हा फार वाईट वाटलं.

शुक्रवारी बेनेडिक्टो स्वतः गाडीत येऊन बसला. त्यानं किल्ली फिरवली, दिव्याकडे डोळे वटारून पाहिलं, पासिंगचा कागद उन्हात धरून पाहिला, टायरला लाथ मारून पाहिली. कुठेच बोट ठेवता येईना, तेव्हा तो खाकरला. "ठीक आहे. रस्ता तुमचा. पण वाटेत थांबायचं नाही, हां! बायका गाणी म्हणत उन्हात उभ्या राहणार आहेत. चिलेका ते थोंड्वे, थेट."

"थेट," मास्तर म्हणाले. त्यांनी गाडी धुतली. लग्नातला कोट घातला. काय काय बोलायचं याची मनात उजळणी केली, आणि विमान यायच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहिले.

मोडेस्टा बाहेर आली. बारीक झाली होती. केस वेगळे केले होते, हातावर एक जाडजूड कोट होता, आणि ती गर्दीत डोळे बारीक करून कुणाला तरी शोधत होती. ते आपल्यालाच, हे कळायला मास्तरांना थोडा वेळ लागला. मग दोघं समोरासमोर आली. चार लोकांत नवराबायकोनं करायचं काय? त्यांनी हस्तांदोलन केलं. पण हात सोडायचा कुणी हे ठरेना, त्यामुळे मागचे लोक वळसा घालून जाऊ लागले.

"बारीक झालात," ती म्हणाली.

"तूही."

गाडीत बसल्याबरोबर ती पुढे वाकली. "कुठंय तो?"

"कोण?"

"दिवा."

"गेला," मास्तर म्हणाले. "अगदी गेला. हे बघ, लागतो आणि विझतो."

तिनं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "मला बघायचा होता," ती म्हणाली. "दर रविवारी मी मनात आणायची, कसा दिसत असेल." मग मान मागे टाकली. "चला. मला सगळं सांगा. एकूण एक सांगा."

मास्तरांनी घसा साफ केला. हारुनापासून सुरुवात करावी की प्रोफेसरपासून, या विचारात ब्लँटायर मागे पडलं. "तर झालं काय," ते म्हणाले आणि डावीकडे वळून बघितलं. मोडेस्टा झोपली होती. रात्रपाळी करून निघालेली, दोन विमानं बदलून आलेली बाई. तोंड किंचित उघडं, गाल काचेला टेकलेला.

ज्या सव्वा तासासाठी त्यांनी पाद्री, पोस्टमास्तर, प्रोफेसर आणि जपान एवढे सगळे पालथे घातले होते, तो असा चालला होता. मास्तरांना उठवावंसं वाटलं. मग तिच्या बोटांकडे लक्ष गेलं. साबणानं, औषधांनी भेगाळलेली बोटं. ते गाडी हळू चालवू लागले. लिंबे गेलं तशी आणखी हळू. कोळशाची पोती लादलेल्या सायकली पुढे जाऊ लागल्या, आणि एक म्हातारी शेळी ओढत बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालत होती. तरी रस्ता सरतच होता. पुढे थोंड्वे होतं, गाणी होती, ताटं होती, आठवडाभर वीस बायकांच्या घोळक्यात दिसणारी मोडेस्टा होती.

मास्तरांनी डॅशबोर्डाकडे पाहिलं. लाग ना बाबा, ते मनात म्हणाले. तीन वर्षं लागलास, आता घटकाभर लाग. निदान थांबायला निमित्त तरी होईल. दिवा लागला नाही. पास झालेला दिवा होता तो.

नमाड्झीच्या बाजाराच्या जरा अलीकडे एका आंब्याखाली त्यांनी गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. सावली होती. मोडेस्टाचा श्वास ऐकू येत होता. मास्तर हात मांडीवर ठेवून नुसते बसले, आणि तीन वर्षांत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहात, जावईबापू?" बेनेडिक्टो ओरडत होता. मागे टाळ्या आणि गाणी चालली होती.

"नमाड्झीला, दादा."

"मग या की! इथे बायकांचे घसे बसले. थांबलात का काय?"

मास्तरांनी काळ्या चौकोनाकडे पाहिलं. नकाशात गाव तसूभर सरकलं तर अर्धा गुण कापणारे कादेवेरे मास्तर. त्यांनी मोडेस्टाकडे पाहिलं.

"दादा," ते म्हणाले, "दिवा लागलाय."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? पिकअप घेऊन येऊ?"

"नको! नको, नको. धूर तापलाय. तो थंड होईपर्यंत गाडी हलवायची नसते. जपानी लोकांचा नियमच आहे तसा."

"किती वेळ?"

"अर्धा तास," मास्तर म्हणाले आणि घाईघाईनं फोन ठेवला. कपाळावर घाम आला होता. तो पुसायला त्यांनी रुमाल काढला.

"अहो."

मोडेस्टाचे डोळे मिटलेलेच होते. पण गाल काचेवरून निघून आता मास्तरांच्या खांद्याला टेकला होता.

"जागी आहेस?"

"तीन वर्षं तापलेला धूर," ती म्हणाली, "अर्ध्या तासात कसा थंड होईल? संध्याकाळ होईल म्हणून सांगा."

मास्तरांनी पुन्हा फोन लावला.